भांगाची होडी

१६ नोव्हेंबर २००१, शुक्रवार. भाऊबीज

होडी घेणार म्हणे! आमचे हे! ज्यांनी जन्मात एकदाच पोहायचा प्रयत्न केला, तोही टिळक तलावात, आणि चष्मा बुडवून परत आले - ते!

मच्छिंद्र सकाळच्या एस.टी.नं साखरवेळहून आला. माझा एकुलता भाऊ. बेचाळीस वर्षांचा, दाढी पिकायला लागली, तरी मला तो मच्छ्याच. बर्फात घालून सुरमई आणली होती. मी आत तुकड्या तळत होते आणि बाहेर हे दोघं बोलत होते. तेलाच्या आवाजात निम्मं ऐकू आलं नाही. तुकड्या घेऊन बाहेर आले तर सगळं ठरलेलं! कंपनीनं व्हीआरएस काढली आहे आणि ह्यांनी परवाच अर्ज दिलाय. (मला आज कळतंय!) बाबांच्या वेळची लाकडी होडी आता प्रत्येक सांध्यातून पाणी घेते. तर फायबरची नवी होडी आमची, समुद्र आणि मेहनत मच्छ्याची. आम्ही सहा महिने पुण्यात, सहा महिने साखरवेळला. होडी मात्र अशी हवी की खाडीच्या उथळ पाण्यातही चालेल आणि बाहेर खोल समुद्रातही जाईल. दोन्हीला एकच. हे म्हणाले, "दोन ठेवायला आपण काय आरमार उभं करतोय?"

मी उरलेल्या तुकड्या उलटायला आत गेले आणि तिथेच उभी राहिले. सहा महिने साखरवेळ! लग्न झाल्यापासून चोवीस वर्षं जिथे राहायचं नाव काढायचं नाही असं ठरवलं होतं, ते ह्यांनी चहाचा कप मागावा तसं सांगून टाकलं. एक तुकडी करपली.

ओवाळताना मच्छ्या म्हणाला, "बाय, काय देऊ ओवाळनी?" दरवर्षी विचारतो, दरवर्षी मी काही नको म्हणते. आज तोंडातून निघूनच गेलं - "मला एकदा खाडीच्या बाहेर ने. समुद्रात. होडीतून."

तो हसला. मग हसायचा थांबला. आमच्याकडे बायका होडीत बसतात त्या खाडीच्या ह्या काठावरून त्या काठावर जायला, बाजाराच्या टोपल्या घेऊन. बाहेर नाही. मी सत्तेचाळीस वर्षांची कोळ्याची मुलगी, आणि खाडीच्या तोंडापलीकडे कधी गेलेली नाही. एकदाही नाही. पुण्यात कोणाला हे सांगितलं तर खरं वाटणार नाही.

"व्हडी येव दे," मच्छ्या म्हणाला, "मंग नेतो. शब्द दिला."

ताम्हणात शब्द पडलाय. आता बघूच.

१७ नोव्हेंबर

मच्छ्या गेला. घरभर सुरमईचा वास आहे. खिडक्या उघडल्या नाहीत.

२३ नोव्हेंबर, शुक्रवार

आज अष्टमी. सहा वाजता भरती.

ही माझी जुनी खोड. बाबांनी शिकवलेला हिशोब - तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. सकाळच्या ड्युटीला वॉर्डातल्या कॅलेंडरकडे बघून मी पेशंटच्या औषधांच्या वेळा लिहिते आणि मनातल्या मनात साखरवेळची भरती लावते. इथे आमच्या मुळा-मुठेतून काय वाहतं ते लिहिण्यासारखं नाही, पण माझ्या डोक्यात रोज दोनदा पाणी चढतं, दोनदा उतरतं. नर्सिंगला आले तेव्हापासून. ह्यांना कधी सांगितलं नाही. हसतील म्हणून नाही. विचारलं नाही म्हणून.

हे मला भेटले तेच पेशंट म्हणून. मशीनमध्ये तळहात फाटला होता, सात टाके. मी ड्रेसिंग करत होते आणि हे मला सांगत होते की पट्टी कशी सरळ गुंडाळायची! तेव्हाच कळायला हवं होतं.

आज ह्यांनी एक कोरी वही आणली. पहिल्या पानावर 'होडी' आणि खाली दोन रेघा. मच्छ्यानं सांगितलेल्या सगळ्या गोष्टी क्रमांक घालून लिहिताहेत. मी डोकावले तर वही मिटली. "पूर्ण झाल्यावर दाखवीन." टूलरूममध्ये जन्म गेला. अर्धवट ड्रॉइंग दाखवणं म्हणजे ह्यांना अर्ध्या कपड्यांत बाहेर गेल्यासारखं वाटतं.

२ डिसेंबर, रविवार

स्कूटरवरून मांजरीला गेलो. फायबरची होडी करणारा माणूस पुण्यात, आमच्या हडपसरपासून वीस मिनिटांवर आहे, हे मला ठाऊकच नव्हतं! रावसाहेब. ऊस होता त्यांचा, तिथे आता चार मजली इमारती उभ्या आहेत. उरलेल्या तुकड्यावर पत्र्याची शेड. आत पाण्याच्या टाक्या, बागेतल्या घसरगुंड्या, आणि ओळीनं अकरा बदकं! तळ्यातली, पायानं पेडल मारायची, लाल चोचींची. अकराच्या अकरा माझ्याकडे बघत होती.

मी विचारलं, "समुद्रात चालणारी होडी केलीय कधी?"

"न्हाय वैनी. पर धरनावर माज्या चार बोटी हायेत. पानी त्ये पानीच की वो! तितं खारं, हितं गोडं."

ह्यांना हा माणूस फार आवडला. दोघं मापांवर बोलत बसले. मी शेडच्या बाहेर आले. बांधकामाच्या वाळूचा ढीग होता. आजूबाजूला कोणी नाही बघून चप्पल काढली आणि पाय घातला. नदीची वाळू, जाडी, खडबडीत. आमच्याकडची अशी नसते, ओली झाली की पावलाखालून निसटते. तरी पाय काढवेना. शेवटी ह्यांनी स्कूटरचा हॉर्न वाजवला.

९ डिसेंबर, रविवार

ह्यांना 'पाण्याचा अभ्यास' करायचा होता म्हणून खडकवासला. लोक कठड्यावर बसून कणसं खात होते. ह्याला पुण्यात चौपाटी म्हणतात!

मी बराच वेळ बघितलं. पाणी स्वच्छ आहे, पुष्कळ आहे, पण त्याला वास नाही. आणि ते एकाच जागी उभं. सकाळी इथे, संध्याकाळी इथेच. मी म्हटलं, "हे पाणी कुठे जातच नाही हो."

"जातं की," हे म्हणाले. "आपल्या नळाला. दिवसाआड."

हसले. पण घरी येईपर्यंत कानात गाज हवी होती आणि ती नव्हती. इतकी आठवण येते की कधीकधी राग येतो. कोणावर ते कळत नाही.

२० डिसेंबर

आमचे चिरंजीव सार्थक सध्या बेंचवर आहेत. म्हणजे कंपनी आहे, पगार आहे, बस आहे, काम नाही. हिंजवडीला दीड तास जायचं, बसायचं, दीड तास परत यायचं. तिकडे अमेरिकेत टॉवर पडले आणि इकडे माझ्या मुलाचं प्रोजेक्ट गेलं. तोंडावर दाखवत नाही, पण जेवण अर्धं झालंय त्याचं.

वेळ आहे म्हणून होड्यांचा तक्ता करून आणला, ऑफिसच्या प्रिंटरवर, रंगीत! सात प्रकारच्या होड्या, समोर मार्क. "आई, प्रत्येक पॅरामीटरला वेटेज द्यावं लागतं. शॅलोला किती, डीपला किती? दोन्हीला फुल मार्क कोणालाच नाहीयेत. ट्रेड-ऑफ असतो." चपट्या तळाची उथळ पाण्यात पहिली, पण बाहेर लाटांवर आपटते. खोल तळाची बाहेर पहिली, पण उथळात नापास. इतकं त्यानं बरोबर शोधलं होतं, कौतुक वाटलं. खाली आठवी ओळ बघितली तर - 'वन बीएचके, वाकड'! आणि बेरजेत तोच पहिला!

हे म्हणाले, "उत्तम. फक्त तो खाडीत तरंगत नाही."

मग ताट उचलताना सार्थकनं हळूच विचारलं, "आई, तू तिकडे राहशील? सहा महिने? सीरियसली?" मी हो म्हटलं. इतक्या पटकन म्हटलं की त्याचा चेहरा उतरला. पोरगं साखरवेळला कधी चार दिवसांच्या वर राहिलं नाही. दर सुटीत माझी ड्युटी, नाहीतर सासूबाईंचं दुखणं. मीच न्यायला हवं होतं. माझ्याकडे एक अख्खा समुद्र होता आणि मी त्याला तो दाखवला नाही.

६ जानेवारी २००२, रविवार

मांजरीला साचा तयार झाला म्हणून बघायला गेलो. लाकडी साचा, पालथा ठेवलेला, तळ वर. मधोमध, नाकापासून शेपटापर्यंत, दीड फूट उंचीचा कणा!

"हे काय?"

"भांग," हे म्हणाले. काय अभिमान चेहऱ्यावर!

मला कळेचना. मग ह्यांनी वही उघडून दाखवली. मुद्दा क्रमांक चार. भाऊबीजेला मच्छ्यानं तीनतीनदा बजावलं होतं, होडी भांगाला चालली पाहिजे. "आधी वाटलं, प्यायची. म्हटलं, तुझा भाऊ कसला धंदा करतो! पण ती भांग स्त्रीलिंगी. 'भांगेला' झालं असतं. तो स्पष्ट 'भांगाला' म्हणाला. म्हणजे पुल्लिंगी. म्हणजे केसांतला, मधोमध पाडतात तो. मग उलगडा झाला. तळाला मधून भांग! सार्थकनं इंटरनेटवर चित्रंसुद्धा दाखवली. खोल समुद्रातल्या होड्यांना असतोच."

"सायबांनी लई डोकं लावलंय," रावसाहेब म्हणाले.

देवा! व्याकरणावरून होडी बांधली! हे फक्त पुण्यातच होऊ शकतं.

भांग म्हणजे आमच्याकडे अष्टमीच्या आगेमागे येणारी अपुरी भरती. पुनवेला, अवसेला उधाण - पाणी घराच्या पायरीला लागतं. भांगाला मात्र भरती येऊनसुद्धा पाणी चढत नाही. खाडीच्या तोंडावर वाळूची पट्टी आहे, तिच्यावर जेमतेम गुडघ्याच्या वर पाणी. चपटी होडी तेवढ्यातून सरकून बाहेर पडते. हा कणा तिथे रुतणार. महिन्यातले आठ-दहा दिवस रुतणार. मच्छ्यानं जे होऊ नये म्हणून तीनदा सांगितलं, नेमकं तेच ह्यांनी मापात, सुबक करून ठेवलंय.

तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

लिहून टाकते, इथे खोटं लिहून काय करू? रुतणार हे कळलं त्याच्या मागोमाग एक वाईट विचार आला. ही होडी खाडीत रमणारी नाही. ही बाहेरची. चपट्या तळाची मिळाली तर मच्छ्या आयुष्यभर खाडीत बोयटं धरत बसेल आणि मला "नेतो, नेतो" म्हणून टोलवेल. हिला मात्र बाहेर काढावीच लागेल. उधाणाला काढायची, मला बसवायचं, आणि...

"छान झालाय," म्हटलं. परत येताना स्कूटरवर ह्यांच्या खांद्यावर हात ठेववेना.

७ जानेवारी

वॉर्डात एका पेशंटची गोळी द्यायला दहा मिनिटं उशीर झाला. माझ्याकडून कधी होत नाही.

१४ जानेवारी. संक्रांत

गोड बोला, गोड बोला, दिवसभर सगळे सांगत होते. न बोलण्याबद्दल कोणी काही सांगत नाही.

२१ जानेवारी, सोमवार

मच्छ्याचा फोन. काल संध्याकाळी चंद्रभागेच्या नवऱ्याची होडी खाडीच्या तोंडावर रुतली. चंद्रभागा माझ्या वर्गातली. शाळेत माझ्याच पाटीवर लिहायची. भांगाचं पाणी, होडी नवी, खोल कण्याची. रुतली ती रुतलीच, आणि बाहेरून आलेल्या लाटेनं आडवी पडून उलटली. तिघं पोहत आले. चंद्रभागेचा नवरा खाली सापडला. मांडीचं हाड मोडलं. "जीव ऱ्हायला, बाय. नशीब त्याचा."

मग विचारलं, "आपली व्हडी तळाला चपटी हाय ना गो?"

मी म्हटलं, "हो."

हो म्हटलं मी! सख्ख्या भावाला! पंचवीस वर्षं लोकांची मोडलेली हाडं बघतेय, आणि पंधरा दिवस गप्प बसून भावाचं हाड मोडायची तयारी करत होते. कशासाठी? तर मला एकदा समुद्र बघायचाय!

२२ जानेवारी

ड्युटी संपली तशी युनिफॉर्मवरच सहा आसनी रिक्षा धरून मांजरीला गेले. व्हीआरएस झाल्यापासून हे रोज तिथेच असतात. साच्याला पॉलिश चालू होतं. म्हटलं, "साचा मोडा."

रावसाहेबांच्या हातातला कागद खाली पडला.

भांग म्हणजे काय ते सांगितलं. हे मटकन बदकावर बसले. "म्हणजे मी..." म्हणाले. मी टेबलावरचा खडू घेतला आणि जमिनीवर काढायला लागले. नाक निमुळतं, लाटेत घुसेल असं. मागे येता येता तळ सपाट होत जायचा. कणा जेमतेम चार बोटं. काठ मात्र उंच, बाहेरचं पाणी आत येऊ नये म्हणून. इंजिन मागे टांगलेलं, वाळूच्या पट्टीवर येताच वर उचलता येईल असं. तक्त्यात हिला कुठेच पहिला नंबर मिळणार नाही, पण दोन्हीकडे पास होईल. हात आपोआप चालत होता.

"तुला हे कसं माहीत?" हे म्हणाले.

कसं माहीत! होडीतून बाहेर जायची बंदी होती, पण दर पावसाळ्याआधी होडी ओढून पालथी घातली की तळ खरवडून त्याला तेल चोपडायचं काम कोणाचं? आम्हां बायकापोरींचं! कुठे फुगतो, कुठे बसतो, कुठे वाळूनं घासला जातो - बाबा वरून होडी ओळखायचे, मी खालून. बोटांना आठवतं ते अजून.

"साचा बघितलास तेव्हाच कळलं होतं?"

"हो. सहा तारखेला."

"मग बोलली का नाहीस?"

मग सांगितलं. सगळंच. ओवाळणी, वाईट विचार, मच्छ्याशी खोटं बोलले ते. तिथीची पाऊणपटसुद्धा. रावसाहेब उठले आणि उगाचच बाहेर जाऊन बदकं पुसायला लागले.

"रोज?" ह्यांनी विचारलं. "चोवीस वर्षं, रोज भरती लावतेस?"

"रोज."

ह्यांनी चष्मा पुसला. मला वाटलं आता चिडतील. त्यांचा हक्कच होता. मग वही उघडली, क्रमांक चारवर काट मारली, पेनाचं टोपण काढलं आणि म्हणाले, "सांगा. पहिल्यापासून. आम्ही लिहून घेतो."

सांगा! मला अहो-जाहो! टोमणा होता, पण डोळे पाणावलेले होते. दोन्ही खरं.

रावसाहेब आत आले, साच्याकडे बघून हळहळले, "आदीच सांगायचं न्हाय व्हय, वैनी!"

मच्छ्याला फोन करून खरं सांगितलं. शिव्या घातल्या त्यानं. घालू दे.

३ फेब्रुवारी, रविवार

नवा साचा. डोळे मिटून तळावरून हात फिरवला. मागच्या बाजूला जरा फुगीर होता, उतरवायला सांगितला. रावसाहेब आता मला 'इंजनेर वैनी' म्हणतात. ह्यांना नुसतंच 'साहेब'.

१८ फेब्रुवारी

मेट्रनकडे राजीनामा दिला. एप्रिलअखेर मोकळी. त्या म्हणाल्या, "सिस्टर, अजून दहा वर्षं आहेत तुमची!" म्हटलं, आहेत ना, म्हणूनच. जिना उतरताना पाय हलके होते.

सार्थकला नवीन प्रोजेक्ट मिळालं. पोटभर जेवला.

१० मार्च, रविवार

झाली! पांढरी, काठाला निळा पट्टा. बदकांच्या शेजारी उभी होती आणि आजूबाजूची पोरं, बायका, इमारतींमधले लोक बघायला जमले होते. एक गृहस्थ गॅलरीतून ओरडले, "काय हो, पानशेत परत फुटणार आहे का?"

हे वर न बघता म्हणाले, "तुमच्या मजल्यापर्यंत येणार नाही. निश्चिंत असा."

मी होडीत चढून बसले. कोरड्या जमिनीवर, मांजरीत, उसाच्या जागेवर. काठाला हात लावला. कोणी बघत नव्हतं तेव्हा डोळे मिटले.

१९ मार्च, मंगळवार

ट्रकवर होडी चढवून निघालो. हडपसरच्या चौकात ट्रॅफिक पोलीस म्हणाला, "ही बोट कोण चालवणार? लायसन?" ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, ही आत्ता बसलीय, चालत नाहीये." सोडलं.

सार्थकनं सकाळी कंपनीची बस चुकवली, मुद्दाम, आम्हाला निरोप द्यायला. "आई, फोटो काढ. बाहेरचे. मला दाखव." नक्की दाखवीन. ह्या वेळी दाखवीनच.

२१ मार्च, गुरुवार. साखरवेळ

पायरीवर बसून लिहितेय. ओहोटी आहे. चिखलाचा वास, सुकटीचा वास, जाळ्यांचा वास. नाक भरून घेतेय. शिमग्याचे दिवस, सगळी पोरं गावात. सकाळी अर्ध्या गावानं होडी ट्रकवरून उतरवली. मच्छ्या खाली वाकून तळ चाचपत राहिला, मग उठून माझ्याकडे बघितलं आणि नुसती मान हलवली. त्या एका मान हलवण्यासाठी मी हे चार महिने झोपले नव्हते असं आता वाटतं. पूजा झाली, नारळ झाला. चंद्रभागा आली होती. नवऱ्याला अजून उभं राहता येत नाही. होडीला हात लावून म्हणाली, "आमाला कोन सांगनारा नव्हता गो."

बायका कुजबुजताहेत, ही खाडीबाहेर जाणार म्हणे होडीतून! मच्छ्या सगळ्यांना एकच सांगतोय, "ओवाळनी हाय तिची." उद्या अष्टमी. मुद्दाम भांगालाच काढायची, म्हणजे तळाची परीक्षा होऊन जाईल. सकाळी सहाला भरती. हे बूट घालून येणार होते, चप्पल घ्यायला लावली. मी आईचं जुनं नऊवारी काढून ठेवलंय. पदर खोचता येतो.

सगळं तयार आहे. मीही. इतकी वर्षं जिथे नव्हते तिथे उद्या असेन.

२२ मार्च, शुक्रवार

मला बोट लागली.

मला!

होडीनं काही चूक केली नाही. पट्टीवरून अलगद सरकली, इंजिन वर, गुडघाभर पाण्यात. मच्छ्या ओरडला, "ग्येली गो बाय, ग्येली!" बाहेर पडलो. सगळीकडे नुसता समुद्र - तो बघायला मान वर केली आणि पोट उलटलं. मग काहीच बघितलं नाही. दीड तास काठ धरून, डोळे मिटून ओकत होते. हे पुढे उभे राहून हसत होते, मला नाही, वाऱ्याला. ह्यांना काहीसुद्धा झालं नाही.

काठावर आल्यावर मच्छ्यानं मला उचलून वाळूत बसवलं. गोड्या पाण्यानं तोंड धुतलं. पाठीवरून हात फिरवत राहिला, लहानपणी मी त्याच्या फिरवायचे तसा, आणि अगदी मायेनं म्हणाला, "बाय, तू घाटावरची झालीस गो."